दोन भोकांची फिचा

आमच्या पोसो आल्मोन्ते गावात मला सगळे 'फिचावाली मावशी' म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. एकटी बाई, निवृत्त शिक्षिका, दिवसभर संगणकापुढे बसून जुने बिल्ले न्याहाळते, म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला असणार. म्हणोत बापडे.

फिचा म्हणजे सोऱ्याच्या, खतात नि दारूगोळ्यात लागणाऱ्या क्षाराच्या, कारखान्यांचे बिल्ले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या वाळवंटात जागोजागी कारखाने होते आणि मालक मजुरांना खरं नाणं दाखवायचेच नाहीत. स्वतःच्या नावाचे बिल्ले हातावर टेकवायचे, ते फक्त मालकाच्याच दुकानात चालायचे. पुढे कारखाने बंद पडले, वस्त्या ओस पडल्या, बिल्ले मात्र जमिनीत राहिले. त्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ मी चालवते. संग्रहालयांच्या याद्या, जुन्या लिलावांतले फोटो, कंपन्यांचे नकाशे, त्या काळची वर्तमानपत्रं, इंटरनेटवर जे जे सापडेल त्याची वाट माझ्या पानावरून जाते. नियम दोनच. बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो हवेत, आणि तो नक्की कुठे सापडला ते हवं. ठिकाण नसेल तर नोंद नाही.

लोकांना वाटतं ही अभ्यासकाची शिस्त. शिस्त कसली डोंबलाची! मला एकच फिचा शोधायची होती.

एकोणीसशे त्र्याहत्तरला लष्करानं सत्ता बळकावली, त्या ऑक्टोबरात शिपायांनी माझ्या भावाला, एलिसेओला, घरातून नेलं. बशीतला अर्धा पाव तसाच राहिला. तो परत आला नाही, आणि त्याला कुठे पुरलं तेही कुणी सांगितलं नाही. त्याच्या गळ्यात आजोबांची 'सांता लुदोविना' कारखान्याची पितळी फिचा होती. तिला भोक आम्हीच पाडलं होतं. मी धरली, त्यानं खिळा ठोकला. पहिलं भोक अगदी काठाशी गेलं म्हणून दुसरं पाडलं, तेव्हा हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली आणि हा गाढव पोट धरून हसला. कापड कुजेल, पितळ राहील, आणि आज ना उद्या कुणा हौशी माणसाच्या हाती लागेल, एवढ्या आशेवर मी हा सगळा पसारा मांडला. हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी घाबरून फोटोच पाठवले नसते.

माझ्या संकेतस्थळावरचा सर्वांत जाणता सभासद म्हणजे सेन्योर उर्रेहोला. मी त्यांना कधी पाहिलं नाही. कुणी कसलाही झिजलेला बिल्ला टाकला तरी हे गृहस्थ कारखान्याचं नाव, वर्ष, कोणत्या लिलावात तसाच दुसरा आला होता, सगळं सांगणार. बोलणं कसं साखरेत घोळलेलं. आणि शेवटी न चुकता विचारणार, "हे नक्की कुठे सापडलं?" मला बरंच वाटायचं. माझा प्रश्न परस्पर विचारला जायचा.

गेल्या आठवड्यात दाढ काढल्यामुळे मी तीन दिवस संगणक उघडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी उघडला, तर समोर सांता लुदोविनाची पितळी फिचा. एक भोक काठाशी, एक आत. ठिकाणाच्या जागी नुसतंच कारखान्याचं नाव.

मी किती वेळ नुसती बघत बसले कुणास ठाऊक. मग फोटो पाठवणाऱ्याला फोन लावला. व्लादिमीर चायापा, पाण्याचा टँकर चालवणारा आमच्याच गावचा पोरगा. सुट्टीच्या दिवशी धातू शोधायचं यंत्र घेऊन पिकअपमधून हिंडतो.

"मावशी! सुजलेलं तोंड उतरलं का? मी म्हटलं आता महिनाभर तुम्ही कुणाला ओरडणार नाही."

"व्लादी, ती दोन भोकांची फिचा नक्की कुठे सापडली?"

"सांता लुदोविनाच्या स्मशानामागे, ओढ्याच्या कोरड्या पात्रात. तुमच्या त्या हुशार सेन्योरना मी त्याच दिवशी नकाशावर खूण करून पाठवली की. फार खूश झाले. म्हणाले, आणखी खणू नकोस, जागा खराब होईल."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. सोबत तार सापडली का, असं विचारलं."

"तार?"

"हो ना! आणि खरंच सापडली होती. त्यांना कसं कळलं हो?"

बिल्ल्यांचा शौकीन माणूस तारेबद्दल कशाला विचारेल? एलिसेओच्या गळ्यात तार नव्हती, आईनं विणलेली लोकरीची दोरी होती. तार असते ती कैद्याच्या मनगटांना. आणि ती होती हे बांधणाऱ्यालाच ठाऊक, नाहीतर शेजारी उभं राहून बघणाऱ्याला. इतक्या वर्षांनी वाळवंटातली नेमकी जागा त्यालाही आठवत नसणार. मी फिचेची वाट बघत होते तशी तोही बघत होता, इतकी वर्षं, माझ्याच पानावर, माझाच नियम वापरून.

बेपत्ता माणसांचे खटले जिथे चालतात त्या कोर्टात फोन केला. तिथली बाई म्हणाली, न्यायाधीश साहेब सोमवारी भेटतील.

"व्लादी, गाडी काढ," मी पुन्हा फोन करून म्हटलं, आणि पोराला सगळं सांगितलं. दहा मिनिटांत तो पिकअप घेऊन दारात आला. वाटेत त्यानं खिशातून फिचा काढून माझ्या हातात ठेवली. माझा अंगठा आपोआप त्या काठाच्या भोकावर गेला.

स्मशानाच्या मोडक्या लाकडी क्रुसांमागे आम्ही उतरलो. पात्रात खणायच्या मोठ्या यंत्राच्या चाकांचे ताजे ठसे होते. पुढे खड्डा. कडा सरळ, तळ झाडून घेतल्यासारखा स्वच्छ. व्लादीनं गुडघ्यावर बसून बोटांनी माती चाळली. बटणसुद्धा नव्हतं.

"मावशी, माझी हीच खूण होती. आईशप्पथ, इथे नुसतं वीतभर खणलं होतं मी."

मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. एवढ्या वर्षांत मी असं रडले नव्हते. भाऊ मला सापडला होता, आणि मी दाढ धरून घरात पडले होते तेव्हा त्याला दुसऱ्यांदा नेलं.

परतताना रस्त्याला लागलो तेव्हा फोनला रेंज आली. फिचेच्या नोंदीखाली उर्रेहोलांचा मजकूर होता. 'आदरणीय सेन्योरा नोल्फा, या नोंदीतलं ठिकाण चुकीचं आहे. मी खात्री करून घेतली. तिथे काहीही नाही. कृपया दुरुस्त करावं.'

"व्लादी, ती तार तू कुठे टाकलीस?"

त्यानं कचकन ब्रेक दाबला. चेहरा पांढरा पडला होता.

"टाकली नाही, मावशी. चांगली चिवट होती म्हणून... मागची नंबरपाटी लोंबत होती."

आम्ही उतरून मागे गेलो. पाटीच्या दोन्ही भोकांतून ओवलेली ती जाड तार, मध्ये जुना पीळ तसाच. व्लादी सोडवायला वाकला.

"हात लावू नकोस. सोमवारी कोर्टाला पाटीसकट देऊ."

मग मी माझ्याच नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. व्लादी म्हणाला, "आत्ता नका टाकू, मावशी. ऐका माझं." मी कुठली ऐकते! राग डोक्यात होता आणि मला वाटलं, सगळ्या सभासदांनी पाहिलं की त्याला काही लपवता येणार नाही. मी फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'फिचेसोबत सापडलेली तार. ठिकाण तेच. दुरुस्ती होणार नाही.'

व्लादीनं गाडी सुरू केली. पोसो आल्मोन्तेचं वळण यायच्या आत उत्तर आलं. नेहमीसारखंच सभ्य, नेहमीसारखंच थोडक्यात.

'फोटो उत्तम आले आहेत, सेन्योरा. ही तार आता नक्की कुठे आहे?'