तीन खात्यांचा एक हात

साहेब, माझ्या नणंदेचा हात वाफेने भाजला हे खरं, पण तो वाकडा केलात तुम्ही.

तुमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलेय. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं तुमचा शिपाई सांगून गेला. असू द्या. दार पातळ आहे आणि माझा आवाज जाड आहे.

आमची लाँड्री आहे. नणंद मागे प्रेसवर, मी पुढे काउंटरवर. आमचं पटतं असं गल्लीतलं कोणी म्हणणार नाही. तिच्या मते मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, माझ्या मते तिला गप्प बसता येत नाही. पण शर्टाची कॉलर तिच्यासारखी कोणाला बसवता येत नाही, हे मीही मान्य करते. एक दिवस प्रेसची नळी सुटली आणि वाफ थेट तिच्या उजव्या हातावर आली.

तुमच्या हॉस्पिटलच्या सर्जननी तेव्हाच सांगितलं होतं. हात वाचेल, कातडी लावू, पण बोटं रोज ताणून उघडली नाहीत तर जखम भरताना ती आखडतील आणि मूठ मिटली ती मिटलीच. म्हणजे सगळा प्रश्न बोटांचा होता. मिटलेल्या मुठीने इस्त्री धरता येत नाही. नवऱ्याच्या मागे तिने याच हातावर घर उभं केलंय, आणि ते चालवायला दुसरा हात नाही.

सुरुवातीला काय चाललं होतं ते ऐका. सकाळी ड्रेसिंग व्हायचं. ती कण्हत कण्हत जरा पडते न पडते तोच सर्जनचा राउंड यायचा. त्यांना जखम बघायची, म्हणून ताजी पट्टी पुन्हा उघडायची. दुपारी व्यायामाचे डॉक्टर यायचे. त्यांना बोटं हलवायची, म्हणून पुन्हा उघडायची. दुखण्याचं इंजेक्शन त्याच्या स्वतःच्या वेळेला, म्हणजे नेमकं सगळे हात धुऊन गेल्यावर. कांदा सोलावा तसा तो हात दिवसातून तीनदा सोलला जात होता. यात कोणाची चूक होती म्हणाल तर कोणाचीच नाही. प्रत्येकाचं काम चोख होतं. फक्त हात एकच आहे, हे कोणाच्या खात्यात येत नव्हतं.

मग वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर रजेवरून परत आल्या. कणा ताठ, युनिफॉर्म ताठ, बोलणं त्याहून ताठ. नणंदेने बघताक्षणी त्यांचं नाव ठेवलं, स्टार्च. व्यायामाच्या डॉक्टरांचं नाव तिने आधीच ठेवलं होतं, मोडतोड. दुखत असतानाही तिची जीभ कधी आजारी पडली नाही.

स्टार्च सिस्टरनी एक दिवस नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी सर्जन, मोडतोड आणि भुलीच्या डॉक्टरीणबाई, तिघांना पलंगाशी बोलावलं. आधी तिघांनीही नाकं मुरडली. सर्जन म्हणाले, माझा राउंड माझ्या वेळेला. मोडतोड म्हणाला, माझी ओपीडी असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला ऑपरेशन थिएटरमधून हलता येत नाही. सिस्टरनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि वॉर्डातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हात एक आहे, तो एकदाच उघडेल. ज्याला धुवायचाय, बघायचाय, हलवायचाय, त्याने तेव्हा इथे असायचं. नसेल तर त्याने उद्या बघायचं."

सर्जन लाल झाले. सिस्टर आमच्या खात्यात नाक खुपसतायत, असं काहीतरी इंग्रजीत पुटपुटले. सिस्टर मराठीत म्हणाल्या की वेळ तुम्हीच ठरवा सर, आम्ही सगळे ती पाळू, मात्र तुम्हालाही पाळावी लागेल. ठरवली त्यांनी वेळ.

त्या दिवसापासून आधी औषध. ते अंगात भिनेपर्यंत कोणी पट्टीला बोट लावायचं नाही. मग सिस्टर हात धुवायच्या, सर्जन वाकून बघायचे, मोडतोड एकेक बोट सरळ करायचा, डॉक्टरीणबाईंची नजर नणंदेच्या चेहऱ्यावर. आणि सिस्टरनी आणखी एक केलं, जे मी कोणत्याच दवाखान्यात पाहिलं नव्हतं. नणंदेला सांगितलं की तूही या कामात आहेस. तू "पुरे" म्हणालीस की आम्ही सगळे थांबायचं, अगदी सर्जनसुद्धा. नणंदेने पहिल्या दिवशी खात्री करून घ्यायला उगाचच "पुरे" म्हटलं. सगळे थांबले. ती मला म्हणाली, "वहिनी, बघ. आपल्या घरात इतकी वर्षं ओरडतेय, तिथे कोणी थांबत नाही."

मोडतोडसुद्धा हसला. बोटं उघडायला लागली. एका सकाळी तिने त्याच हातात पेला धरला आणि माझ्या अंगावर पाणी सांडलं. मुद्दाम सांडलं, हे मला माहीत आहे. मी भांडलेसुद्धा नाही.

त्याच दिवसांत, तुमच्या आधीचे साहेब असताना, या ऑफिसातून फोटोवाला आला. पलंगाभोवती सगळ्यांना उभं करून फोटो काढला. तो आता खाली मोठ्या दारापाशी टांगलाय, साहेब, तुमच्या "एक ध्येय, एक टीम"च्या फलकावर. मधोमध आमच्या बाईचा हात आहे. येता-जाता बघत असाल.

आणि मग तुम्ही आलात. नवे साहेब, नवी शिस्त. ड्रेसिंगची वेगळी टोळी, ती तिच्या वेळेला. व्यायाम खाली मोडतोडच्या विभागातच, म्हणजे पेशंटने चाकाच्या खुर्चीत बसून लिफ्टच्या रांगेत ताटकळायचं. राउंड राउंडच्या वेळेला. स्टार्च सिस्टर तुम्हाला भेटायला आल्या. याच बाकावर बसल्या होत्या म्हणे. तुम्ही त्यांना बसायलासुद्धा न सांगता म्हणालात, "ज्याने त्याने आपापलं काम करावं. डॉक्टरांच्या वेळा ठरवणं हे नर्सचं काम नाही." आठवड्याच्या आत त्यांची बदली कपड्यांच्या स्टोअरमध्ये झाली. इतक्या वर्षांची इन्चार्ज बाई चादरी मोजायला बसवलीत. सर्जन, मोडतोड, डॉक्टरीणबाई, तिघंही मूग गिळून बसले. त्यांचाही मला राग आहे. फलकावर सगळ्यांचे दात दिसतायत, तुमच्यासमोर एकाचंही तोंड उघडलं नाही.

हात पुन्हा तीनदा उघडायला लागला. औषधाचा अंमल उतरायचा तेव्हा ती लिफ्टसमोर असायची. खाली पोचली की मोडतोड पट्टी सोडायचा आणि ती किंचाळायची. "पुरे" म्हणाली तर तो थांबायचा, पण मग पुढे सुरू कधी करणार? मागे रांग असायची. हळूहळू ती हात पांघरुणाखाली लपवायला लागली. आज चक्कर येतेय, आज ताप आहे. मूठ मिटत चालली. ही माझी नणंद, जिने नळी सुटल्यावर आधी वाफेचा कॉक बंद केला आणि मग आई गं म्हटलं, ती व्यायामाचं नाव काढलं की लहान पोरीसारखी भिंतीकडे तोंड करायची.

गेल्या आठवड्यात सर्जननी मूठ बघितली. पुन्हा ऑपरेशन, म्हणाले. आखडलेली कातडी कापून नवी लावायची. मी विचारलं, असं का झालं? त्यांनी खाली मान घालून सांगितलं की पेशंटने सहकार्य केलं नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. पेशंटने सहकार्य केलं नाही! तुमची तीन खाती एका पलंगापाशी उभी राहू शकत नाहीत, आणि सहकार्य तिने करायचं?

मी तडक स्टोअरमध्ये गेले. स्टार्च सिस्टर चादरींच्या ढिगामागे होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की भेटीची वेळ काय आहे हल्ली.

संध्याकाळी त्या आल्या, साडी नेसून, नातेवाईकांच्या रांगेत उभ्या राहून. वर्षानुवर्षं त्यांना सलाम ठोकणाऱ्या वॉचमनने विचारलं, पेशंटच्या कोण लागता? त्या म्हणाल्या, आत्या. त्याने चेहरा न हलवता पास दिला. वर मोडतोड आणि डॉक्टरीणबाई आले होते, सिस्टरचा निरोप मिळाल्यावर, आपापली ड्युटी संपवून. सर्जनही आले, सगळ्यांत शेवटी, कोणाच्या नजरेला नजर न देता. वॉर्डातल्या नव्या सिस्टरने त्या दिवशीचं ड्रेसिंग या वेळेपर्यंत राखून ठेवलं होतं. स्टार्च सिस्टरनी कशालाही हात लावला नाही. दोन्ही हात मागे बांधून पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि फक्त बोलत राहिल्या. औषध दिलं का? थांबा, भिनू दे. आता धुवा. सर, बघून घ्या. आता बोटं. तिच्या तोंडाकडे बघा.

नणंदेने एकदाही "पुरे" म्हटलं नाही. दोन बोटं थोडी सुटली. जाताना सिस्टरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती रडत रडत म्हणाली, "आत्या, स्टार्च कमी पडलाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना कामावरून बंद केलंत. खोटं नातं सांगून वॉर्डात घुसल्या, हे कारण. खोटं नातं? तो तुमचा फलक काय आहे मग?

सोमवारी ऑपरेशन आहे. सर्जन म्हणतात, या वेळी बोटं आखडली तर पुढे त्यांच्याही हातात काही नाही. मला माफी नको, तुमचा चहा नको, अर्ज द्या म्हणून सांगू नका. दार उघडा आणि एकच सांगा. सोमवारनंतर तो हात दिवसातून एकदा उघडणार की तीनदा, आणि एकदा उघडायचा असेल तर त्या वेळी सगळ्यांना पलंगाशी उभं कोण करणार? तुम्ही?

बोला साहेब. मी बसलेय.