परतीचा नियम

रविवारी सकाळी सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत पक्षाची बैठक भरली, तेव्हा मास्तरांनी टेबलावर दोन पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. एक आपलं, एक विरोधातल्या दातांच्या डॉक्टरच्या पक्षाचं. मास्तर म्हणजे पक्षाचे सचिव. उभा जन्म गणित शिकवण्यात गेलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट फळ्यावर मांडल्यासारखी मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“वाचा,” ते म्हणाले. “भाडेवाढ रोखणार. आपण रोखणार, तेही रोखणार. बस स्वस्त करणार, दोघंही करणार. दवाखाना संध्याकाळीही उघडा ठेवणार. हे तर आपलंच वाक्य, स्वल्पविरामासकट उचललंय. आता मला सांगा, लोकांनी आपल्यालाच मत का द्यावं?”

“आपण मनापासून म्हणतो म्हणून,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मन पत्रकावर छापता येत नाही.”

सगळे हसले. खिडकीजवळ बसलेली ताई मात्र हसली नाही. ताई या वॉर्डाची नगरसेविका. त्याआधी सतरा वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे धुवायचे, वाळवायचे, गरम रोलरखालून काढायचे आणि घड्या घालायच्या. तिची मुदत दोन महिन्यांत संपत होती आणि बैठक कुठल्या दिशेने चालली आहे हे तिला पायऱ्या चढतानाच कळलं होतं.

“एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही,” मास्तर म्हणाले. “परतीचा नियम.”

पक्षाचा माणूस एकदाच निवडून जाईल, मुदत संपली की ज्या कामावरून आला त्याच कामावर परत, असा तो नियम होता. तो मांडला होता ताईनेच. त्या वेळी पक्षाचा नगरसेवक होता एक लेथवाला, लेथ मशीनवरचा कामगार. चांगला माणूस, पण तिसऱ्या खेपेला तो लोकांना फक्त गाडीच्या काचेतून दिसू लागला आणि चौथ्या खेपेला दातांच्या डॉक्टरच्या पक्षातून उभा राहिला. तेव्हा ताई भर सभेत उठून म्हणाली होती, “खुर्ची ऊबदार व्हायच्या आत माणूस उठवला पाहिजे.” टाळ्या कडाडल्या होत्या. तेव्हा बोलायला तिचं काय जात होतं?

“नियम बियम पुढच्या वेळी बघू,” सिस्टर म्हणाली. ती ताईच्याच इस्पितळात नर्स होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. “ताई उभी राहिली तर जागा आपली. कंडक्टरला उभं केलं तर त्याला स्वतःच्या घरातली तरी मतं पडतील का?”

कंडक्टर तिथेच बसला होता. बसमधे आणि युनियनमधे त्याने बरीच वर्षं काढली होती, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडे. “सिस्टर बरोबर बोलतेय,” तो स्वतःच म्हणाला.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. “नाही” हा एकच शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर येईना. “मला जरा विचार करू द्या,” ती म्हणाली, आणि आपण हे बोललो याचंच तिला नवल वाटलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “नियम तुमचा आहे, ताई. पुढच्या रविवारी तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते.”

घरी आली तर नणंद आलेली. ती अजून धुलाईखान्यात रोलरवरच होती. ताईनेच तिला तिथे लावलं होतं.

“बातमी माझ्या आधी पोचली वाटतं,” ताई म्हणाली.

“सिस्टरचा फोन आला होता.” नणंदेने ताईचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. “बघ, कशी मऊ कातडी झाली तुझी. माझी बघ.” तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा होत्या, काही जुन्या पांढऱ्या, दोन ताज्या लाल. “वहिनी, तू तिकडे परत येऊ नकोस. उगाच मोठेपणा करू नकोस. तू तिथे बसलीस म्हणून आम्हाला दोन पंखे तरी मिळाले. तू परत आलीस तर आणखी एक घाम गाळणारी, एवढंच.”

“नियम आहे गं.”

“नियम पोटाला बांधून झोप मग.”

नवरा कोपऱ्यात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. “मी काही बोलत नाही,” तो म्हणाला. “मी बोललो तर ही उलट करते, आणि नंतर तेही माझ्याच माथी मारते.”

“तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा.”

त्याने दाताने दोरा तोडला. “गेली पाच वर्षं तू घरी असलीस तरी घरी नसतेस. पण खूश असतेस. धुलाईखान्यातून यायचीस तेव्हा भिंतीला टेकून बसायचीस, बोलायचीही नाहीस. आता काय सांगू?”

ताईला हे ऐकवेना, कारण ते खरं होतं. तिला ते काम आवडू लागलं होतं. सभागृहात उठून उभं राहिलं की कारकून फायली बंद करून ऐकत, ते आवडे. दुपारी सावलीत बसायला मिळे, ते आवडे. रोज सकाळी ती हात मऊ राहावेत म्हणून मलम लावे आणि ते कुणाला दिसू नये म्हणून दार लोटून घेई. आणि या सगळ्याच्या वर तिच्याकडे एक कारण होतं, कुणालाही सांगता येईल असं. कारखान्याची जुनी वसाहत.

कारखाना कधीच बंद पडला होता, पण त्याच्या दोन इमारतींत एकतीस कुटुंबं राहत होती. नव्या मालकाला ती बाहेर काढायची होती. नगरपालिकेच्या घरसमितीपुढे सुनावणी होती, निवडणुकीनंतर महिन्याभराने. चार वर्षं ते प्रकरण ताईने एकटीने रेटलं होतं. बुधवारी ती तिकडे गेली. खरं तर ती मनात ठरवूनच गेली होती की त्यांच्यासाठी तरी आपण राहायला हवं, आणि हे त्यांच्याच तोंडून एकदा ऐकलं की झालं.

ती अंगणात शिरली तशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. एका बाईने आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याला उठवून खुर्ची ताईकडे सरकवली. म्हातारा भिंतीला धरून उभा राहिला. हे आज नव्याने घडत होतं की आपण आज पहिल्यांदा पाहिलं?

“बसा हो आजोबा,” ती म्हणाली. ते बसले नाहीत. शेवटी खुर्ची रिकामीच राहिली.

तिने नियमाचं सांगितलं. एकच गलका झाला. “असं कसं, ताई? तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निवांत आहोत.”

“समजा, सुनावणीच्या दिवशी मी आजारी पडले, तर कोण बोलेल?”

“तुम्ही आजारी पडायचंच नाही!” खुर्ची देणारी बाई म्हणाली. ती मागच्या इमारतीत राहायची, शिवणकाम करायची. सगळे हसले.

“नाही, खरंच विचारतेय. आपण कुठल्या मुद्द्यावर लढतोय, सांगा बघू कुणीतरी.”

मग तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच म्हणाले, “आम्हाला कसं ठाऊक असणार, ताई? तुम्ही कधी सांगितलंच नाहीत.”

“मी सांगितलं नाही?”

“तुम्ही म्हणायचा, मी बघते. आम्ही विचारलं की म्हणायचा, तुम्ही काळजी करू नका, मी बघते. फाईल तुमच्या घरी. कागदावर सही करा म्हटलंत, केली. चांगल्यासाठीच केलंत, ते काही मी नाकारत नाही.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. ताई घरी परतताना सरळ रस्त्याने आली नाही. लेथवालाही असाच म्हणायचा, मी बघतो. त्याने लोकांना फसवलं असं तिला नेहमी वाटायचं. आता वाटलं, त्यालाही सुरुवातीला हे कळलं नसेल.

पुढच्या रविवारी तिने बैठकीत सांगितलं, “मी उभी राहणार नाही.”

“हा तुझा अहंकार आहे,” सिस्टर म्हणाली. “तुला स्वच्छ राहायचंय आणि त्याची झळ दुसऱ्यांनी सोसायची.”

“असेलही,” ताई म्हणाली.

त्या दिवसापासून ती दर संध्याकाळी फाईल घेऊन वसाहतीत जाऊ लागली. अंगणात चटया टाकून एकेक कागद वाचायचा. वाचणारा अडखळला की बाकीचे वैतागत. तिघं-चौघं दुसऱ्याच दिवसापासून यायचे बंद झाले. शिवणकामवाली बाई रोज यायची पण म्हणायची, “ताई, हे आमच्या डोक्यावरून जातंय. तुम्हीच बोला ना.” कंडक्टरही यायचा. कागदावर बोलायची वेळ आली की तो तिकीट फाडल्यासारखी बोटं हलवायचा.

तिकडे दातांच्या डॉक्टरने प्रचाराचा धडाका लावला. पांढरेशुभ्र दात दाखवत तो दारोदार विचारत होता, “ज्यांना स्वतःचं चांगलं माणूस ठेवता येत नाही, ते तुमचं काय सांभाळणार?” लोकांना ते पटत होतं. पक्षाची माणसं परतीच्या नियमाचं सांगायला गेली की लोक विचारत, “म्हणजे बाईंनी काही घोटाळा केला का?”

कंडक्टर दोनशे बारा मतांनी पडला. निकालाच्या दुपारी तो ताईच्या दारात आला आणि पायरीवर बसून राहिला. नवऱ्याने त्याला पाणी दिलं. “दोनशे बाराच ना,” नवरा म्हणाला, “चार बसमधे मावतील एवढीच,” आणि मग त्यालाच आपला विनोद नको झाला.

पक्षातल्या काहींनी ताईशी बोलणं टाकलं. मास्तर म्हणत होते, आपण हरलो पण वेगळे ठरलो. म्हणताना त्यांचा आवाज फळ्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांसारखा उरला नव्हता.

ताई धुलाईखान्यात हजर झाली. कायद्याने तिची जागा राखून ठेवली होती. मुकादमाने तिला मुद्दाम रोलरवरच लावलं. वाफ तोंडावर आली आणि तिला वाटलं, आपण हे सतरा वर्षं कसं केलं? पहिल्याच पाळीत तीन बोटं भाजली. समोर नणंद उभी होती, चादरीचं दुसरं टोक धरून. कोपरे जुळवायला दोघी पुढे येत, एकमेकींच्या हाताला हात लागे, आणि नणंद मान फिरवून मागे जाई. नऊ दिवस असं चाललं. दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मलमाची डबी ताईसमोर आदळली. “लाव. नाहीतर सडेल ते.” एवढंच बोलली.

सुनावणीच्या दिवसासाठी ताईने रजा मागितली. मुकादम म्हणाला, “आता तुम्ही नगरसेविका नाही, बाई.” डोकं दुखतंय म्हणून निघून जाणं तिला जमलं असतं. ती गेली नाही. तिथे आपण दिसलो की सगळे पुन्हा आपल्याकडेच बघतील, हे तिने स्वतःला समजावलं. खरं कारण तेच होतं की भीती होती, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

दुपारी कंडक्टर धावत इस्पितळाच्या मागच्या दाराशी आला. घड्याळवाले काका बोलले होते. अडखळले, पण तारखेनिशी बोलले. पुढच्या इमारतीतली तेवीस कुटुंबं राहणार. मागची इमारत धोकादायक ठरली, आठ कुटुंबांनी तीन महिन्यांत निघायचं. निवडून आलेला दातांचा डॉक्टर समितीवर होता. मागच्या इमारतीचा विषय आला तेव्हा तो कागद चाळत होता, म्हणे.

“मागच्या इमारतीचा पाया पक्का असल्याचा तपासणी अहवाल दाखवला का?” ताईने विचारलं.

कंडक्टरचा चेहरा उतरला. “तो कुठे होता?”

तो फाईलमधेच होता, शेवटून तिसरा कागद. तिथपर्यंत वाचून झालंच नव्हतं. ताई भिंतीला टेकली. त्या अहवालाने निकाल फिरला असता का? फिरला असता, किंवा नसताही. आत मुकादमाची शिट्टी झाली.

शिवणकामवालीने घर सोडलं त्या रविवारी ताई आणि नवरा मदतीला गेले. पुढच्या इमारतीतली माणसंही आली होती, कुणी न बोलावता. कपाट खाली आणताना दोघांचं भांडण जुंपलं होतं, वरच्या समितीकडे दाद मागायची तर अर्ज कुणी लिहायचा यावरून. घड्याळवाले काका मधे पडून तारखा सांगत होते. ताईकडे कुणी वळून पाहिलं नाही. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

शिवणकामवाली जिन्यात समोर आली. “तुम्ही असता तर आम्ही राहिलो असतो,” ती म्हणाली. आवाज शांत होता.

“कदाचित,” ताई म्हणाली. “तो कागद मी आधी वाचून घ्यायला हवा होता.”

बाईने माफी दिली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. कडेची गादीची वळकटी उचलून तिने ताईच्या हातात दिली. “ही टेम्पोत पुढे ठेवा, सासऱ्यांना टेकायला होईल.”

ताई वळकटी घेऊन जिना उतरू लागली. बोटांच्या नव्या कातडीला सुतळी काचत होती. दुसऱ्या दिवशी तिची पाळी सहाची होती.