राक्षस घरी एकटाच असतो

चौदाव्यांदा मेल्यावर शिडीदादा जमिनीवरून उठले आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, आता जरा चहा घेऊ द्या. मेलेल्या माणसालाही दम लागतो."

काचेपलीकडची मंडळी हसली. दादांच्या अंगात घट्ट काळा पोशाख होता आणि त्यावर डोक्यापासून पायापर्यंत बारके चकाकते गोळे चिकटवले होते. भोवतीचे कॅमेरे त्या गोळ्यांकडेच तेवढे बघत, माणसाकडे नाही. दादांनी हात हलवला की पडद्यावर काड्यांचा एक सांगाडा हात हलवी. त्या सांगाड्यावर पुढे मांस, केस आणि कपाळाच्या मधोमध एक मोठा डोळा चढवला जाणार होता. सकाळपासून ते छातीत भाला लागून मेले होते, पाठीत लागून मेले होते, पायऱ्यांवरून गडगडत येऊन मेले होते. व्हिडिओ गेम खेळणारा कुठून वार करील याचा नेम नसतो, तेव्हा राक्षसाला सगळ्या बाजूंनी मरता यावं लागतं.

एरवी दादा फर्निचरच्या गोदामात कामाला. उंची सहा फूट सात इंच. वरच्या फळीवरचा माल काढायला शिडी आणण्यापेक्षा यांना हाक मारणं सोपं, म्हणून नाव शिडी पडलं. वय झालं तसा मागे दादा लागला. दोन महिन्यांपूर्वी ते या ऑफिसात कपाटं पोचवायला आले, दारात सवयीने वाकले, आणि मॅडमनी हातातला कप तसाच धरून विचारलं, "काका, परत एकदा आत येऊन दाखवता का?" मॅडम म्हणजे तिशीतली मुलगी, पण अख्खा गेम तिच्या डोक्यातून निघालेला. तेव्हापासून दर शनिवारी दादा राक्षस व्हायला येत. या उंचीपायी लग्न जमलं नव्हतं, बसमध्ये मान अवघडली होती आणि प्रत्येक फोटोत मागची रांग नशिबी आली होती. आता सत्तावन्नाव्या वर्षी ती कुणाला तरी हवीशी झाली होती. दादांना त्याचा आनंद होता आणि तो ते लपवत नसत.

राक्षस ग्रीक पुराणातला. एका डोळ्याचा, गुहेत एकटा राहणारा, मेंढ्या पाळणारा. एक वीर साथीदारांना घेऊन त्याच्या गुहेत शिरतो, राक्षस त्यांतल्या काहींना खातो, मग वीर त्याचा डोळा फोडून पळ काढतो. मॅडमना हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगायची होती.

"मुळात घर त्याचं आहे, काका," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "तो बाहेर गेला असताना ही मंडळी न विचारता आत शिरली, त्याचं दूधदुभतं खाऊन बसली. आपल्या गेममध्ये खेळणाऱ्याला दगडाआड लपून त्याच्याकडे बघत राहावं लागेल. पाहिजे तितका वेळ. मग त्यानं ठरवावं, मारायचं की नाही."

"बरोबर आहे," दादा म्हणाले होते. "पाहुण्यानं आधी कडी वाजवावी."

चहा झाल्यावर मॅडम स्वतःच आत आल्या.

"मरणं संपली. आता शेवटचं एकच. तुम्ही मेंढ्या आत घेतल्यात, दाराला धोंडा लावलाय. कुणी लपलंय हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही घरी आहात. बस्."

दादांनी छाती फुगवून दणदणीत डरकाळी फोडली.

"काका, घरी कुणी नसताना तुम्ही ओरडता का?"

"छे."

"मग काय करता?"

"काही नाही करत."

"तेच करा," मॅडम म्हणाल्या. "अजिबात घाई नाही."

याआधी दोन शिकलेल्या नटांना हे सांगून झालं होतं. एकाने हनुवटीला हात लावून विचार केला होता आणि दुसरा रडला होता. दादांना अभिनय येत नव्हता, त्यामुळे त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

ते आत येताना वाकले. तिथे दार नव्हतं, तरी वाकले. मग भिंतीला पाठ लावून बसले, डोकं मागे टेकवलं आणि थोड्या वेळाने हसले. घरी पलीकडच्या बिऱ्हाडातला टीव्ही भिंतीतून ऐकू येई आणि ती माणसं हसली की यांनाही हसू येई. मग उठून त्यांनी दगड म्हणून ठेवलेले लाकडी ठोकळे समोरासमोर दोन ओळींत मांडले. एक पुढे सरकवला. उठून पलीकडे गेले. गळ्याभोवती नसलेल्या मफलरचे दोन वेढे घेतले, खाली बसले आणि डावा गुडघा चोळत बराच वेळ विचार केला. मग डाव्या हाताने एक ठोकळा उचलून ठेवला आणि आपण उठून आलो त्या रिकाम्या जागेकडे बघून मिश्कीलपणे मान हलवली. परत अलीकडे आले, ते वेढे सोडवले, आणि ती मान हलवलेली आठवून चिडले.

हे बावीस मिनिटं चाललं. काचेपलीकडे कुणी हसलं नाही.

"पलीकडे कोण बसलं होतं, काका?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

दादा एकदम भानावर आले. "कुणी नाही."

"मग जागा का बदललीत?"

"खेळ दोघांचा असतो ना," दादा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "माझा चेहरा दिसणार नाही ना यात?"

"नाही. नावही नको असेल तर घालणार नाही."

"मग राहू द्या ते तसंच," ते म्हणाले आणि गोळे काढून घ्यायला हात पुढे करून उभे राहिले.

दादांची एक धाकटी बहीण होती, दुसऱ्या गावी, एका इस्पितळात नर्स. आई गेल्यापासून ती दर रविवारी फोन करी. जेवलास का, कुणाशी बोललास का, आणि शेवटी ठरलेलं, इकडे ये राहायला. तिचं घर दोन खोल्यांचं, माणसं चार, आणि छत इतकं खाली की मामा उठून उभा राहिला की भाचीला आधी पंख्याचं बटण बंद करावं लागे. दादांना तिच्या संसारात आडवं पडायचं नव्हतं. एका रविवारी तिचा आवाज फारच रडवेला झाला तेव्हा ते बोलून गेले, "अगं, मी एकटा कुठाय? खाली एक रिटायर्ड मास्तर राहायला आलेत. रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळतो आम्ही."

एक खोटं जगवायला दहा खोटी लागतात. बहीण दर रविवारी मास्तरांची चौकशी करू लागली. मग मास्तरांना डावा गुडघा आला, चांगली चाल सुचली की तो चोळायची सवय आली. ती त्यांच्याशी बोलते म्हणाली तेव्हा त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. पहिल्याच थंडीत तिने मास्तरांसाठी स्वतः विणून एक तपकिरी मफलर धाडला. तो वापरवेना आणि टाकवेनाही, म्हणून समोरच्या खुर्चीच्या पाठीवर राहिला. मग एका संध्याकाळी, रविवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून, दादांनी खरोखरच पट मांडला, पलीकडे जाऊन बसले आणि मफलर गुंडाळून पाहिला. मास्तर बरे खेळत. दादांपेक्षा बरे. त्याला आता पाच वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर गोदामातून सुटल्यावर दादा भराभर पाय उचलत ते त्यांच्याचसाठी.

गेम बाजारात आला त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी भाचीचा फोन आला.

"मामा! अरे, काय केलंयस तू! मी कालपासून उठलेच नाहीये."

"कसा मेलो बघितलंस का? चौदा प्रकार आहेत."

"मारतंय कोण तुला! कुणीच मारत नाही. सगळे दगडामागे बसून नुसते बघतात. तो दगडांचा खेळ मांडतो, मग उठून समोर जाऊन बसतो, गळ्याला काहीतरी गुंडाळतो, गुडघा चोळतो. मामा, लोक रडतात ते बघून."

दादांच्या हातातला कप खाली ठेवला गेला. "रडायला काय झालं?"

"सगळे म्हणतात, त्याच्यासोबत आधी दुसरा एक राक्षस राहत असणार. त्याचा मित्र. तो मेला, आणि हा त्याच्या वाटणीचंही खेळतोय. असंच आहे ना? तुला सांगितलं असेल ना त्यांनी?"

"असेल तसं."

"आई ड्यूटीवर आहे. दुपारी आली की पहिलं हेच दाखवते तिला. ठेवते, बाय!"

दादा घराच्या मधोमध उभे राहिले. चेहरा झाकला म्हणून आपण निर्धास्त होतो हा केवढा वेडेपणा! स्वतः विणलेला मफलर ती हवेतसुद्धा ओळखील. गुडघा तर दर रविवारी विचारून विचारून तिला पाठ होता. भाऊ एकटा आहे हे कळलं तर ती रडेल, ते एक वेळ चालेल. पण भाऊ पाच वर्षं नसलेल्या माणसाशी खेळतोय आणि त्याची खुशाली आपल्याला कळवतोय हे कळलं, तर ती घाबरेल. त्यानंतर ती त्यांच्याकडे जशी बघेल ते दादांना सोसणार नव्हतं. माणूस गेल्यामुळे एकट्या पडलेल्याला जग मान देतं. ज्याचं कुणी नव्हतंच त्याच्याकडे सगळे जपून बघतात. दादांना लाज वाटत होती आणि वेळ थोडा होता.

त्यांनी बहिणीला फोन लावला. ड्यूटीच्या वेळात त्यांनी तो कधीच केला नव्हता.

"दादा? काय झालं? पडलास का?"

"मी ठीक आहे गं. मास्तर गेले."

पलीकडे ढकलगाडीची चाकं वाजत होती, ती थांबली.

"कधी?"

"वर्ष झालं."

"वर्ष? अरे, गेल्या रविवारी त्यांनी तुझा वजीर मारला म्हणालास!"

"तुला घोर लागेल म्हणून सांगत राहिलो. चुकलं माझं."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "काय झालं होतं त्यांना?"

याचा विचार दादांनी केला नव्हता. आजारांची नावं त्यांना हवी तेवढी माहीत होती, पण त्यातलं एकही मास्तरांना द्यायला जीभ रेटेना. "काही नाही. झोपेतच गेले. त्रास नाही झाला."

"जवळ कोण होतं?"

"मीच."

"आणि घरचं कुणी?"

"कुणी नव्हतं त्यांना. मीच होतो." इथे दादांचा आवाज फाटला. तसं काही त्यांनी ठरवलं नव्हतं.

"उगी, दादा," बहीण म्हणाली. रोज दहा जणांना म्हणत असेल, पण आता ती भावाला म्हणत होती. "आणि वर्षभर संध्याकाळचासुद्धा तू एकटाच त्या घरात?"

"सवय होते. ऐक, तुझ्या पोरीनं तो गेम आणलाय. त्यात मी थोडं त्यांच्यासारखं केलंय. आठवण म्हणून. बघून घाबरू नकोस, एवढंच सांगायला फोन केला."

"घाबरू कशाला रे? चांगलं केलंस." ती पुन्हा रडली, पण आता मोकळेपणी. "एका परीनं बरंच झालं, दादा. चार वर्षं तरी तुला कुणी होतं. त्यांच्या जिवावर मी सुखानं झोपायचे. एकदा भेटायला हवं होतं मी त्यांना."

"हवं होतंस," दादा म्हणाले. "फार चांगला माणूस."

"येत्या शनिवारी मी येते. नाही म्हणू नकोस."

"ये," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर दादांनी मोठा श्वास सोडला. एक वर्ष कबूल करून त्यांनी चार वर्षं वाचवली होती. बहीण येणार होती, तिच्याकडे मान वर करून बघता येणार होतं. त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला, कप विसळून पालथा घातला, आणि हात पुसत खुर्चीत येऊन बसले.

पटावर कालचा डाव अर्धा होता. दादांचा घोडा मोक्याच्या जागी उभा होता आणि आता चाल मास्तरांची होती. नेहमीप्रमाणे ते उठले, पलीकडे जाऊन बसले, मफलर घेतला, गुडघ्यावर हात ठेवला. दोन प्यादी होती, एक उंट मोकळा होता, करण्यासारखं बरंच होतं. डावा हात पटावर गेला आणि तिथेच राहिला. दादा वाट बघत होते. खूप वेळ बसले, पण मास्तर काय खेळतील ते काही केल्या त्यांना कळेना.