मॉनिटरखालची निकालवही

मित्रांनो, मी एक जुनी निकालवही आहे आणि माझ्या डोक्यावर एक मॉनिटर बसलेला आहे. त्याची उंची कमी पडत होती, म्हणून मला त्याच्याखाली सरकवलं. ज्या टेबलावर मी आठ वर्षं मिरवले, त्याच टेबलावर आता माझा पाट झाला आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा जळकेपणा आला तर समजून घ्या. थोडा कसला, चांगला भरपूर येईल.

माझा जन्म १९९३ साली शारजातल्या एका छापखान्यात झाला. निळं कापडी कव्हर, कोपऱ्यांना लाल कातडं आणि चारशे पानं. तिथल्या एका भारतीय शाळेनं मला घेतलं आणि नववीच्या वर्गशिक्षिका सुहासिनीबाईंच्या हाती दिलं. शाळेत सकाळी मुली यायच्या आणि दुपारी मुलगे. मी सकाळच्या मुलींची. प्रत्येक मुलीला माझ्यात एक ओळ होती: नाव, मातृभाषा, वडिलांचं काम, पत्ता आणि पुढे चाचण्यांचे मार्क. मल्याळी, मराठी, उर्दू, सिंधी अशा सगळ्या भाषांच्या मुली माझ्या पानावर मांडीला मांडी लावून बसत. एकीचे वडील बँकेत असत, तर तिच्या खालच्या ओळीतलीचे गॅरेजमध्ये.

पत्त्याच्या रकान्याची मात्र गंमत होती. इकडे पोस्टमन घरी येत नाही. पत्रं येतात ती वडिलांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये, म्हणून फॉर्मवर सगळे तोच पत्ता लिहितात. कंपनी शारजाची असली की मुलगीसुद्धा कागदावर शारजाची. सुहासिनीबाईंना हे ठाऊक होतं. त्या मुलींशी गप्पा मारत आणि खरं ठिकाण पेन्सिलीनं माझ्या समासात लिहून ठेवत. ‘अजमान, आई आजारी.’ ‘उम्म अल क्वैन, खूप लांब, बस सकाळी सहाला.’ तपासणीला येणारे साहेब माझी पानं उलटून मान डोलवत, आणि मी फुगून चारशेची पाचशे पानांची होत असे.

२००१ साली हा कॉम्प्युटर आला. मी शारजाचे उन्हाळे घामेजलेल्या हातांत काढले होते, पण याच्यासाठी ऑफिसात खास एसी बसला. मला कुणी साधा ब्राउन पेपर घातला नव्हता. याला ऑफिसातल्या मैमुनाबींनी घरून झालर लावलेलं कव्हर शिवून आणलं! रोज जाताना त्या ते त्याला चढवत आणि वर थोपटत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पुढे सुहासिनीबाई आईच्या आजारपणासाठी दोन महिने पुण्याला गेल्या. त्याच काळात मैमुनाबींनी माझ्यातली माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली. नाव घेतलं, भाषा घेतली, वडिलांचं काम, पत्ता आणि मार्क घेतले. समासातल्या पेन्सिलीपाशी त्या जरा थांबल्या.

“याला कॉलमच नाही,” त्या पुटपुटल्या. “जाऊ दे. खलास!”

मित्रांनो, मला त्या क्षणी केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मनात म्हटलं, बरं झालं. एवढं तरी माझं माझ्यापाशी राहू दे. त्याला अर्धंच कळू दे आणि एक दिवस तो तोंडावर पडू दे. मग मला मॉनिटरखाली ढकललं गेलं.

त्या वर्षी मुंबईहून नवे मुख्याध्यापक आले होते, सूर्यकांत सर. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा, हा त्यांचा ध्यास. कॉम्प्युटरनं त्यांना रंगीत खांबांचा तक्ता काढून दिला. गणितात खाली घसरलेल्या अकरा मुलींपैकी नऊजणींचे वडील ड्रायव्हर, मेकॅनिक, नाहीतर स्वयंपाकी होते. पत्ते सगळ्यांचे शारजाचेच. सरांनी ठरवलं की या घरांत अभ्यास होत नाही. अकराही जणींनी नववीनंतर शाळा सोडावी.

सरांनी मुलींना ऑफिसात बोलावलं. पहिलं नाव जुलेखाचं होतं. तिचे वडील तय्यब पाण्याचा टँकर चालवत. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

“सर, माय बस इज ऑल्वेज लेट. फर्स्ट पिरियड मिस होतो. मॅथ्स असतो.”

“लेट? अगं, तू शारजातच राहतेस. हे बघ, स्क्रीनवर आहे.”

“दॅट्स पप्पाज कंपनी, सर.”

“सबब पुरे.”

मैमुनाबींनी तोंड उघडलं, पण सर पुढचं नाव वाचू लागले होते. जुलेखाचे डोळे भरून आले. आणि मी? तिचं खरं घर माझ्या पोटात होतं, आणि वर चढून बसलेला तो भलतंच सांगत होता. तो तोंडावर पडावा असं मला वाटत होतं, पण पडली ती मुलगी. मला माझीच लाज वाटली.

सुहासिनीबाई परतल्या त्याच सकाळी मैमुनाबींनी त्यांना सगळं सांगितलं.

“माझं निळं रजिस्टर कुठंय?”

“बाई, ते... त्याच्याखाली.”

दोघींनी मॉनिटर उचलला. किती दिवसांनी माझ्या पानांना वारा लागला! बाईंनी यादी माझ्यासमोर धरली आणि एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. अकरापैकी त्याच नऊजणींच्या समासात एकच बस होती, लांबच्या उम्म अल क्वैनची. मला काखेत मारून बाई थेट सरांकडे गेल्या.

“सर, या मुलींचे मार्क घसरलेत ते फक्त पहिल्या तासाच्या विषयात. बाकीचे बघा.”

“पण पत्ता...”

“पत्ता नाही हो, पोस्ट बॉक्स आहे तो! उद्या तुम्ही स्वतः गेटवर उभे राहा.”

सर खरंच उभे राहिले. शाळा सात वाजता भरली आणि बस आली पावणेआठला. खिडकीला डोकं टेकून जुलेखा झोपली होती. सरांनी तिला स्वतः उठवलं. “सॉरी, बेटा,” एवढंच ते म्हणाले. यादी रद्द झाली, बस लवकर सुटू लागली आणि गणित तिसऱ्या तासाला गेलं.

एवढ्यावर माझी पूजा झाली असेल असं वाटलं ना तुम्हाला? कसली पूजा! बाईंनी कॉम्प्युटरमध्ये ‘खरं घर’ असा नवा कॉलम करून घेतला आणि मैमुनाबींनी माझी पेन्सिल अक्षर न् अक्षर त्याच्यात ओतली. माझं उरलंसुरलंही त्याला मिळालं आणि मी परत त्याच्याखाली. त्याचा हेवा मला आजही वाटतो. खोटं कशाला बोलू? पण त्या कॉलमसाठी पानं उघडताना मी एकदाही आखडले नाही.

मित्रांनो, कुणाचे मार्क मांडाल तेव्हा शेजारी थोडा समास सोडा. आणि जे तुम्हाला ठाऊक आहे ते हेव्यापायी पोटात ठेवू नका. माझ्यासारख्या जुन्या वहीला फेकण्याआधी एकदा उघडून बघा.

दोन वर्षांनी जुलेखा दहावीची मार्कलिस्ट न्यायला आली. तिचं खरं घर माझ्या समासात सापडलं, हे बाईंनी तिला कधीच सांगितलं होतं. गणितात तिला एकाहत्तर होते. सर, बाई, मैमुनाबी सगळे पडद्याकडे बघत होते. ती मात्र खाली वाकली आणि माझ्या लाल कोपऱ्यावरची धूळ तिनं ओढणीनं पुसली.