सत्यवती खंय गेला?

"खंय चल्लंस गो?"

कुठे निघालीस, असं मॉरिशसमधल्या घराच्या ओट्यावरून पणजी विचारायची. समोर ऊस, उसापलीकडे समुद्र आणि दाराबाहेर पाऊल टाकलेली लहानगी सत्यवती. ती नुसती हसून पळायची. पणजी गेली आणि तिच्यामागोमाग ती बोलीही घरातून गेली. उरली ती शाळेतली मराठी, पुस्तकातली, नीटनेटकी.

आता मालवणच्या अलीकडच्या एका गावात वाटेवर भेटेल तो तिला तेच विचारत होता. कासवांच्या अंड्यांची राखण करायला ती स्वयंसेवक म्हणून आली होती आणि विनीताकाकीकडे राहत होती. सकाळी किनाऱ्यावर कासवांचा माग काढायचा, संध्याकाळी जाळीआडची वाळू तपासायची, की झालं. मधली दुपार सगळी तिची.

आणि दुपार तरी कशी, लाडावलेल्या मांजरासारखी. सुरूच्या सावलीत अंग टाकावं, वरून गळणाऱ्या काड्या अंगावर पडू द्याव्यात. ओहोटी लागली की बायकांबरोबर वाळूत बोटं खुपसून तिसऱ्या शोधाव्यात; चार शिंपल्या मिळाल्या तरी सगळा बाजार लुटल्यासारखं वाटावं. काजूचं बोंडू चोखावं आणि घसा खवखवला की हसावं. भरती आली की खाडीच्या तोंडाशी पाण्यावर उताणं पडावं. पाणी वर नेईल तर वर, खाली नेईल तर खाली.

पण वाटेत कुणी "खंय चल्लंस?" म्हटलं की तिला शंका यायची. आपण काम टाकून हिंडतो असं तर यांना वाटत नसेल? मग ती थांबून खुलासा करायची, "मी सकाळचं काम पूर्ण केलं आहे. आता संध्याकाळी पुन्हा जाणार आहे." विचारणाऱ्या बिचाऱ्याला काही कळायचं नाही. तो मान हलवून चालू लागायचा.

त्यात ते 'गेला'. पोहून परतताना परसातून काकीची हाक ऐकू यायची, "सत्यवती खंय गेला?" शाळेत तर बाईंनी घोकून घेतलं होतं, तो गेला, ती गेली. एकदा तिनं आरशात आपले आखूड कापलेले केस बराच वेळ न्याहाळले.

शेवटच्या घरट्यातली पिल्लं पाण्यात गेली आणि कामच सरलं. त्या दुपारी ती ओल्या कपड्यांनी मागल्या दारी आली, तर आतलं बोलणं कानावर पडलं. काकी आपल्या सासऱ्यांना सांगत होती. त्यांना सगळा गाव भाई म्हणे.

"भाईनू, सत्यवतीच्या नावान गाऱ्हाणा घालूक व्हया. दिवसभर पाण्यात आसता ता."

"घालूया. राखणदाराकडेच घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. पुस्तकात तसंच होतं. आणि राखणदार म्हणजे पहारेकरी. एवढं काय केलं आपण, की थेट पहारेकऱ्याकडे?

जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "काकी, घरून बोलावणं आलंय. परवा निघते."

काकीच्या हातातला डाव सोलकढीतच राहिला. "आजारी आसा कोण?"

"नाही."

"मग?"

सत्यवती ताटातला भात चिवडू लागली. काकीनं पुढे विचारलं नाही. तिच्या पानात भात मात्र दुप्पट वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी तिला गावाच्या वेशीवर नेलं. वडाखाली शेंदूर फासलेला एक पाषाण होता. भाईंनी त्याच्यापुढे नारळ ठेवला, विडा ठेवला, हात जोडले. पहारेकरी कुठे दिसेना.

"बा राखणदारा म्हाराजा," भाई म्हणाले.

"व्हय म्हाराजा," काकीनं साथ दिली.

"आज ह्या चेडू दर्यापलीकडसून तुझ्या पायाकडे इला आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेचा काय चुकला माकला आसात..."

आलं, असं वाटून सत्यवतीनं डोळे मिटले.

"...ता पोटात घाल. पाण्यात पवता, तेका सांभाळ. उद्या घराक जाता, तेच्या वाटेत काय आडवा येत आसात ता दूर कर. आणि तेका परत हंय घेवन ये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." काकीनं पाषाणापुढे डोकं टेकलं.

नारळ फुटला. सत्यवती अजून वाट बघत उभी.

"काकी, तक्रार कधी करणार?"

"कसली तक्रार?"

"माझी. ते गाऱ्हाणं..."

काकी तोंडाला पदर लावून हसली. "अगो येड्या, गाऱ्हाणा म्हणजे देवाक सांगणा. तू पाण्यात पडान रवतंस, हंय माझो जीव थाऱ्यार नसता. तक्रार करूची झाली तर तुझ्याच तोंडार करीन मी."

"आणि सत्यवती 'गेला'?"

"मग काय म्हणू? चेडू म्हणजे पोर, तेका आमी 'ता'च म्हणतो. तुमचा 'ते गेलं', आमचा 'ता गेला'. 'ती' म्हणूक तू काय माझी सासू?"

"हळू," भाई नारळाची शेंडी सोडवत म्हणाले, "ती आयकता वरसून."

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा सत्यवतीच्या हातावर ठेवला. "उद्या गाडी कधी गो तुझी? तिठ्यार सोडूक येतंय मी."

सत्यवतीनं तुकडा मुठीत धरला. तो तोंडात घालावा की नाही, तिला कळेना.

"भाई, मला घरून कुणी बोलावलेलं नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. काम नसलं तरी मला इथं राहायचंय. दुपारी काहीच न करता पाण्यावर पडून राहायला मला फार आवडतं."