तिसऱ्या आठवड्याची गळती

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही, आणि पटलंच तर मला तुमची काळजी वाटेल. खोक्यांच्या एका कारखान्यात माणसं इतक्या भराभर नोकरी सोडत, की दरवान "या, बसा" आणि "सांभाळून जा" एकाच दमात उरकून घेई.

मालकाचा संशय मुकादमावर. गडी तोंडाचा फटकळ. "शनिवारपर्यंत खरं कारण काढा, नाहीतर मुकादमाला नारळ देतो," मालकाने कामगारांची हजेरी मांडणाऱ्या हजेरीबाईला बजावलं.

हजेरीबाई म्हणजे मुकादमाची सख्खी वहिनी. तिचा जीव टांगणीला. दिराची बाजू घेतली असं कोणी म्हणायला नको, आणि दीर घरी बसायलाही नको. भाऊजी दिवसभर घरात म्हणजे काय, ते ती दर रविवारी भोगत होती.

तिने सोडून गेलेल्या एकशे बारा जणांची नोंद संगणकावर मांडली. कारणाच्या रकान्यात झाडून सगळ्यांची 'घरगुती अडचण'. तो रकाना तिने बाजूलाच टाकला. कोण कधी आलं, कुठे बसलं, कधी गेलं, एवढंच लावलं. मुकादमाची बोलणी रोज खाणारे जुने लोक वर्षानुवर्षं चिकटून होते. गेलेल्यांपैकी एक्क्याण्णव जण मात्र तिसऱ्या आठवड्यात गेले होते.

तिसऱ्या आठवड्यात शिकाऊंची तुकडी मोडे. प्रत्येकाला यंत्र मिळे, आणि यंत्रं थांबू नयेत म्हणून जेवणाची सुट्टी एकेकाला वेगळी. नव्याच्या वाट्याला सकाळचे साडेदहा. रिकाम्या खोलीत भिंतीकडे बघत तो एकटाच डबा संपवी.

"हा सुट्टीचा तक्ता कोणाच्या डोक्यातून निघाला, भाऊजी?"

"माझ्या! यंत्र मिनिटभर थांबत नाही, वहिनी."

"माणूसही थांबत नाही."

मुकादमाचा चेहरा पडला. "म्हणजे मीच की! मालकाला सांगणार?"

"सांगणार. पण हातात नवा तक्ता घेऊन. बसा, करा आत्ताच."

नव्या तक्त्यात नवा माणूस चार जुन्यांबरोबर साडेबाराला जेवणार होता. मालकाने आकडे दोनदा तपासले आणि कुरकुरत मुकादमाला महिन्याची मुदत दिली.

त्या महिन्यात एकही गेला नाही. पुढच्याही नाही. मग तर निवृत्तीच्या दिवशी म्हातारे खोक्यांत लपून बसू लागले. त्यांना हुडकायला एक माणूस नेमला, तर तोही जाईना! आजतागायत त्या फाटकातून नोकरी सोडून एक माणूस बाहेर...

"भाऊजी, पुरे!" आतल्या खोलीतून हजेरीबाई ओरडली. "तिसऱ्याच महिन्यात मालकाशी भांडून राजीनामा आपटून आलात, ते कोण होतं?"