तेलाच्या डागाखालचे वाक्य

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे. माझे मुखपृष्ठ चिकटपट्टीच्या आधाराने टिकले आहे, कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि माझ्या पानांना शाईचा नाही, कुलपात घालायच्या तेलाचा वास येतो.

माझ्यात एका दीपगृहाची गोष्ट आहे. समुद्रातल्या खडकावर एक यंत्रमाणूस दिवा सांभाळत असतो. चालताना वाजतो म्हणून त्याचे नाव खडखड्या. वादळात फुटलेल्या बोटीतून एक लहान मुलगी त्याच्याकडे येते. तो तिला वाढवतो. शेवटच्या पानावर ती मोठी होऊन स्वतःच्या बोटीने निघून जाते. बस, एवढेच.

छापखान्यात माझ्यावर आधी पिवळा रंग चढला, मग लाल, मग निळा आणि सर्वांत शेवटी काळा. काळा येईपर्यंत खडखड्याला तोंडच नव्हते. लाल रंग छापताना कागद केसभर सरकला, म्हणून माझ्यातल्या मुलीची रिबन अजूनही तिच्या डोक्याशेजारी हवेत तरंगते. माझ्याबरोबर छापलेल्या बहिणींचीही तीच गत झाली असणार.

मला विकत घेतले एका कुलूपवाल्याने. घरीदारी त्याला सगळे अण्णा म्हणत. जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत त्याचे दुकान होते. भिंतीवर वरपासून खालपर्यंत किल्ल्या टांगलेल्या असत आणि वर कोणी जिना उतरले की सगळ्या मिळून किणकिणत. त्याची एकुलती एक मुलगी शाळा सुटली की तिथेच येई, कारण तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात दुपारच्या पाळीला असे. अण्णा मुलीला किल्ली म्हणत.

किल्लीचे एक दुखणे होते. डबा उघडून ठेवला तरी ती जेवत नसे. म्हणून अण्णांनी मला आणले. कानस खाली ठेवून, हात फडक्याला पुसून ते मला वाचून दाखवू लागले. मुलीचे बोलणे ते आपल्या साध्या आवाजात वाचत. खडखड्याची पाळी आली की पेल्यातले पाणी पिऊन टाकत, रिकामा पेला तोंडाला लावत आणि त्यात बोलत. आवाज स्टीलवर आपटून घुमत बाहेर येई.

"काय हो अण्णा, आत कोणाला कोंडलंय?" एकदा एका गिऱ्हाइकाने विचारले.

"कोंडलेला नाही," अण्णा पेल्यातूनच म्हणाले, "नोकरीला आहे."

मित्रांनो, चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी सोडलेली असते. तिच्यात काहीच छापलेले नसते. एका चौकटीत मुलगी लहान असते, पुढच्या चौकटीत तिचे पाय लांब झालेले असतात. मधली वर्षे त्या पट्टीत गेली, असे वाचणाऱ्याने समजायचे. आवाजही आमच्यात नसतो. तो वाचणाराच आणतो. माझ्यात पेल्यातला आवाज आला आणि तो मला इतका शोभला, की तो माझ्यात तसाच छापला होता असे मलाही वाटू लागले.

शेवटच्या पानावर, मुलगी बोटीत चढताना, खडखड्या तिला एक वाक्य म्हणतो. ते त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यात छापलेले होते. अण्णांनी ते पहिल्यांदा मनात वाचले आणि ते थांबले. मग त्यांचा अंगठा त्या फुग्यावर पडला. अंगठ्याला तेल होते. तेल कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्या भरते, उजेड आरपार जाऊ लागतो आणि मागच्या बाजूची अक्षरे पुढच्या अक्षरांत मिसळून दिसतात. क्षणात तो फुगा वाचण्याजोगा राहिला नाही. अंगठा चुकून पडला, असे तेव्हा मला वाटले होते.

"काय म्हणाला तो?" किल्लीने विचारले.

अण्णांनी उघड्या डब्याकडे पाहिले. पेला तोंडाला लावला. "आधी जेवून घे."

आणि किल्ली जेवली. त्यानंतर रोज खडखड्या हेच म्हणाला आणि रोज डबा रिकामा झाला.

मग किल्ली मोठी झाली. तिचे लग्न झाले, मुलगी झाली. मला काही वर्षे डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली काढावी लागली. पायाचा गोल ठसा माझ्या पाठीवर आहे. माझी तक्रार नाही. टेबल हलत नव्हते, एवढे मी सांगू शकते.

पुढे अण्णा एकटे पडले आणि आजारीही. घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत ती गेली आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेले. दुकान आवरून ते लेकीकडे राहायला आले आणि येताना मला पिशवीत घालून घेऊन आले. तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात मला एक नवा शेजारी मिळाला. विजेरीएवढे एक यंत्र. ते मानेला टेकवून बटण दाबले की घरघरते. घशातून येणारी थरथर ते बाहेरून देते. शब्द मात्र आपल्याच जिभेने आणि ओठांनी घडवायचे असतात. अण्णांनी ते एकदाच वापरले, जिन्यात. शेजारचे छोटे मूल घाबरून आईच्या मागे लपले. त्या दिवशी यंत्र खणात आले.

"सराव नाही केलात तर कधीच सवय होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. अण्णांनी मान हलवली होती. टेबलावर बोटाची एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, एवढ्यावर ते भागवू लागले. घरात त्यांच्याशी बोलणे हळूहळू कमी झाले. कुणाचे प्रेम आटले नव्हते. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्नच संपत आले होते. किल्ली रोज खण उघडून चमचा घ्यायची, यंत्राकडे पाहायची आणि खण लावायची.

अशात बातमी आली, की माझ्यावर सिनेमा निघाला आहे. काढलेली चित्रे हलवून केलेला, अ‍ॅनिमे म्हणतात तसला, मोठा. किल्लीची मुलगी असले सिनेमे जीव टाकून बघते. आजोबा तिला कडी म्हणायचे, बोलत होते तेव्हा.

रविवारी सकाळच्या खेळाला सगळे गेले. मी किल्लीच्या पिशवीत होते, त्यामुळे मला सिनेमा दिसला नाही, फक्त ऐकू आला. समुद्र छान होता. खडखड्याचा आवाज मात्र मधात बुडवून काढल्यासारखा होता. तो बोलला आणि किल्लीचा हात पिशवीवर घट्ट झाला.

घरी पाने वाढली गेली आणि वादाला तोंड फुटले.

"वाट लावली," किल्ली म्हणाली. "पार वाट लावली गोष्टीची."

"पुस्तकाबरहुकूम होता की," जावईबापू म्हणाले. ते नकाशे काढतात. मूळ आणि नक्कल ताडून पाहणे हा त्यांचा रोजचा धंदा. "समुद्राची निळाईसुद्धा तीच आहे."

"निळाई घेऊन काय करू? 'आधी जेवून घे' कुठे गेलं?"

"काय कुठे गेलं?"

"निरोप देताना खडखड्या म्हणतो ते. सगळ्या पुस्तकात तेच तर एक वाक्य आहे."

"आई," कडी म्हणाली, "माझ्या वर्गात दर अ‍ॅनिमेला हेच चालतं. पुस्तक वाचलेल्यांना सिनेमा आवडतच नाही. तुम्हाला नवं काही बघायचंच नसतं, जुनंच परत हवं असतं."

"हो, हवंय. मग?"

जावईबापूंनी थिएटराच्या दारात विकत घेतलेली माझी नवी आवृत्ती उघडली. गुळगुळीत कागद, रिबन अगदी डोक्यावर. त्यांनी शेवटचे पान काढून शांतपणे वाचले, "'जा. मागे वळून पाहू नकोस.' सिनेमात हेच आहे. शब्दाला शब्द."

किल्लीने मला पिशवीतून काढले. कडीने माझे शेवटचे पान खिडकीपाशी उजेडात धरले. डागातून दोन्ही बाजूंची अक्षरे एकदम दिसत होती. ती एकेक अक्षर सोडवत गेली. "जा... मागे... आई, हेच आहे गं."

किल्ली खाली बसली. "मग जेवून घे कोणी म्हटलं?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णा ताटाकडे पाहत होते.

"अण्णा, हे तुमचं होतं?"

एक टिचकी.

"मी डबा खात नव्हते म्हणून?"

एक टिचकी. मग बोट वर राहिले, जणू आणखी काही सांगायचे होते. पण ते टिचकीत मावणारे नव्हते. मला ते आता उमगले: अंगठा चुकून पडला नव्हता. लेकीकडे पाहून 'मागे वळून पाहू नकोस' म्हणणे त्यांना जमले नव्हते.

"एक मात्र मान्य," कडी म्हणाली. "आवाज चुकलाच. खाऱ्या हवेत इतकी वर्षं उभा आहे तो. गंजलेला नको वाटायला? इतका गोड बोलतो, गालाला साय लावून आल्यासारखा."

"अण्णा पेल्यातून काढायचे," किल्ली म्हणाली.

कडीने पेला तोंडाला लावला. "आधी जेवू..." आणि तिला हसू आले. "नाही जमत. असा पाहिजे, आतून काहीतरी फिरतंय असा."

अण्णा उठले. त्यांनी खण उघडला. माझी तिथली जागा रिकामी होती, शेजाऱ्याची नव्हती. यंत्र घेऊन ते परत आले, मानेला टेकवले, ते जरा सरकवून ठीक बसवले. दुसऱ्या हाताचे बोट त्यांनी माझ्या तेलकट फुग्याखाली ठेवले.

"आधी," यंत्र घरघरले. "जेवून. घे."

नवा, गंजका, एकसुरी आवाज, आणि शब्द अण्णांच्या जिभेचे.

कडी घाबरली नाही. ती पुढे झुकली. "आजोबा, हाच तो," ती हळूच म्हणाली. "हाच आवाज. सिनेमावाल्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं."

जावईबापूंनी नवी आवृत्ती मिटली आणि ताट पुढे ओढले. "खडखड्यांची आज्ञा झाली. जेवा."

किल्लीने घास घेतला.

आता मी खणात नसते, जेवणाच्या टेबलावर असते. कडीच्या मैत्रिणी येतात, अण्णा वाचतात, आणि नंतर सिनेमा बरा की पुस्तक बरे यावर त्या तावातावाने भांडतात. निम्म्या सिनेमाच्या बाजूच्या आहेत. असू देत. जिन्यातले ते छोटे मूलही एकदा येऊन गेले. जाताना त्याने यंत्राचे बटण दाबून पाहिले.

मित्रांनो, माझ्यावर निघालेले सिनेमे जरूर पाहा. ते वाईट नसतात; फक्त त्यांना माझ्या पांढऱ्या पट्ट्याही रंगवाव्या लागतात, आणि तुमच्या घरात त्या कोणी कशा भरल्या होत्या हे त्यांना कळणार कुठून? मला पाण्यापासून जपा, टेबलाच्या पायाखाली घालू नका. पण एखादा डाग दिसला तर तो खोडायची घाई करू नका. आणि ज्यांनी तुम्हाला कधीकाळी वाचून दाखवले, त्यांच्या हाती एकदा पुस्तक द्या. आवाज कसा का असेना, ऐका.

पण ते नंतर. स्वयंपाकघरातून घरघर ऐकू येते आहे. आधी जेवून घ्या.